अडकलेला धडा

‘फॉरमॅट पूर्ण होऊ शकले नाही.’ लॅपटॉपने पुन्हा तेच सांगितलं.

ती बाबांच्या पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेला काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर. त्याच्या पडद्यावर गोल फिरणारं चिन्ह अर्ध्यातच थिजलं होतं. बटण दाबून धरून झालं. मागच्या बारीक भोकात पिन खुपसून झाली. बॅटरी पार उतरू दिली, पुन्हा चार्जिंगला लावली, तरी गाडी तिथेच. आता सगळं पुसून धडे नव्याने भरावेत म्हटलं, तर तो पुसूही देईना.

“काय हट्टी आहे हो बाबा, तुमचा हा! मेला हलत नाही की डुलत नाही.”

बाबा उशीला टेकून तिच्याकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी भाजीबाजारात लिलाव पुकारले. माईक पुढे केला तर त्यांना अपमान वाटायचा. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. आवाज राहिला, शब्द गेले. स्पीच थेरपीच्या बाईंनी मग त्यांना आपल्या आवाजात धडे रेकॉर्ड करून दिले. प्लेअरमधून बाई म्हणायच्या, “पाणी.” बाबा म्हणायचे, “पा…” बाई म्हणायच्या, “पान.” बाबा पुन्हा, “पा…” सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच.

ती पलीकडच्या खोलीत काम करायची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल हेडफोन लावून ऐकायचे आणि टाइप करायचे. भिंतीतून “पा… पा…” आलं की डॉक्टरांचं वाक्य हुकायचं, मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागायचं. काल ती प्लेअरमध्ये नवा धडा भरत होती. ‘वायर काढू नका’ असं समोर लिहून आलं होतं. तेवढ्यात बाबांनी हाक मारली. नाव नाहीच, नुसताच मोठा आवाज. तिने दातओठ खात वायर उपटली. हात चुकून नव्हता गेला. बिघडला तर बिघडू दे, एक दिवस तरी कान सुटतील, असं स्वच्छ तिच्या मनात आलं होतं.

आणि आज सकाळी बाबांनी डाव्या हाताने प्लेअर तिच्यापुढे धरला. थिजलेला. त्या क्षणापासून तिला वाटत होतं, आपण प्लेअर मोडला नाही, बाबांची उरलीसुरली जीभच उपटली. तिने कामावर सुट्टी टाकली होती. चहा त्यांच्याजवळ बसूनच घेतला होता. बाबांनी आज कप अर्धा न ठेवता संपवला, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

तिने बाईंना फोन लावला.

“धडे सगळे गेले तर परत द्याल का हो?”

“देईन की, त्यात काय. पण तुम्ही रोज समोर बसून म्हणून घेताय ना? प्लेअर आपला वरकामाला. खरा सराव माणसाबरोबरच व्हायला हवा.”

“हो, हो. रोज बसते.”

फोन ठेवला आणि तिला आठवलं, बाबांचे शब्द गेलेत, कान नाहीत. ते टक लावून तिच्याकडेच बघत होते. तिची मान वर होईना.

“खोटं बोलले मी,” ती शेवटी म्हणाली. “आणि हा मोडलाही मीच. काल मुद्दाम वायर ओढली. तुमच्या त्या पा-पाचा वैताग आला होता हो. तुमचा आवाज नकोसा झाला होता मला.”

बोलून झाल्यावर तिला रडू फुटलं. बाबांनी डावा हात हलवला, जणू काहीतरी सांगायचं होतं, पण घशातून नुसती घरघर आली. तिने डोळे पुसले आणि उगाच हाताला चाळा म्हणून प्लेअर उलटसुलट केला. तेव्हा तिला कडेच्या खाचेत मेमरी कार्ड दिसलं. नखाएवढं कार्ड, सगळे धडे त्यातच. ते जरासं वर आलं होतं.

तिने ते दाबलं. टक झालं. प्लेअर झटक्यात सुरू झाला.

कालचा अर्धा राहिलेला धडा सोडला तर सगळं जिथल्या तिथे होतं. वायरीने काहीच बिघडलं नव्हतं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती हसली, बाबांच्या अंगावरची शाल नीट केली, प्लेअर त्यांच्या हातात दिला.

“नुसतं कार्ड सैल झालं होतं हो! मी वेडी, सकाळपासून काय काय मनात आणत बसले. घ्या, करा सुरू. मी पलीकडे आहेच. बरंच काम तुंबलंय.”

लॅपटॉप काखेत मारून ती दाराशी पोचली. मागे बाईंचा आवाज सुरू झाला, “पाणी.”

टक.

आवाज तुटला. ती वळली.

बाबांचा डावा अंगठा प्लेअरच्या कडेवर, त्या खाचेवर होता आणि दाबलेलं कार्ड पुन्हा जरासं वर आलं होतं. चोरी पकडली गेल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. ते तिच्याकडे रोखून बघत होते. कपाळावर घाम आला होता, वाकडे ओठ पुन्हा पुन्हा जुळत होते, सुटत होते.

“तू,” बाबा म्हणाले. “तू… म्हण.”