गारांसाठी मोकळी जागा

माघ सरत आला होता. माळसोंडच्या हवामान केंद्रात सुलक्षणा गव्हाणे पडद्यावर सरकणारा गारांचा ढग बघत होती. असा ढग विरवता येत नसे. पण ढकलून हव्या त्या जागी रिता करता येई, आणि ती जागा ठरवणं हेच तिचं काम होतं. पठारावर चहूकडे ज्वारी काढणीला आली होती. मोकळं होतं ते फक्त गाव.

"गावावर?" धावत आलेले नगराध्यक्ष भानुदासराव ओरडले. "बाई, दुपारी माझ्या मुलीचं लग्न आहे. मैदानात मांडव उभा आहे. पूर्वेला ढकला की!"

"पूर्वेला सावरखेडची ज्वारी आहे, अण्णा. गावाला छपरं आहेत, पिकाला नाहीत."

"आणि मांडवाचं काय?"

त्यांच्या मागोमाग आलेली त्यांची मुलगी गिरिजा हळदीच्या अंगानेच पुढे झाली. "बाबा, मांडव उतरवा. लग्न बाजार समितीच्या गोदामात लावू. सावरखेड माझं सासर आहे. तिथलं पीक झोडपून मी त्या घरात कोणत्या तोंडाने जाऊ?"

भानुदासरावांनी मांडववाल्याला फोन लावला. सुलक्षणाने भोंगा वाजवून गावाला छपराखाली जायला लावलं आणि निर्धास्तपणे कळ दाबली.

दुपारी गोदामाच्या पत्र्यावर गारा अशा कोसळल्या की मंगलाष्टकं कुणालाच ऐकू येईनात. शेवटी भटजींनी हात उंच करून खूण केली, आणि हसत हसत सगळ्यांनी अक्षता टाकल्या.