बस-अक्का

बस पुन्हा मागून आली आणि श्यामलानं मागे न बघता वेग वाढवला.

गेल्या साली याच पिवळ्या बसनं तिला अडतिसाव्या किलोमीटरला उचललं होतं. पाच तासांत, म्हणजे अकराच्या आत मॅरेथॉन संपवायची, नाहीतर रेंगाळणाऱ्यांना गोळा करत येणाऱ्या बसमध्ये मुकाट चढायचं, असा नियम. दुसऱ्याच दिवशी टेलिफोन ऑफिसात तिचं नाव पडलं, बस-अक्का. वर्षभर तिनं ते हसण्यावारी नेलं आणि वर्षभर पहाटे उठून उल्सूर तळ्याला फेऱ्या मारल्या. नवऱ्याला, हयवदनला, तिनं बजावलं होतं, "यंदा बसमधून उतरताना दिसले, तर ओळख दाखवू नका."

चाळिसावा किलोमीटर मागे पडला. अकराला सोळा मिनिटं कमी होती.

एकच दिलासा होता. तिच्या मागे अजून एक जण होता. काटकुळा, पायात रबरी चपला, छातीवरचा नंबर गळ्यातल्या टॉवेलखाली झाकलेला. शिवाजीनगरच्या बस स्टँडपासून तो तिच्यामागे फटफट करत येत होता. चपला घालून मॅरेथॉनला आलेल्या माणसाची तिला कीव आली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. बस आधी त्याला उचलणार. देवा, माफ कर, असं मनात म्हणत तिनं पाय उचलला.

बसचं दार त्याच्याशेजारी उघडलं. कंडक्टर वाकून अदबीनं काहीतरी म्हणाला.

"स्वल्प इरी," चपलावाल्यानं हात हलवला, आणि बस खरंच थोडी थांबली. श्यामलाला नवल वाटलं. गेल्या साली तिनं हात जोडले होते, तरी याच कंडक्टरनं ऐकलं नव्हतं.

"अक्का," चपलावाला मागून कानडीत म्हणाला, "वळणापुढे चढ आहे. पावलं आखूड टाका."

"रस्ता पाठ दिसतोय, अण्णा," तीही कानडीत म्हणाली.

"एरडने सल."

दुसऱ्यांदा. म्हणजे हाही आपल्याच माळेचा मणी.

"गेल्या साली तुम्हालाही बसनंच नेलं का?"

तो नुसता हसला. "बोलू नका, अक्का. दम जपा."

चढ आला. तिनं पावलं आखूड टाकली. चपलांचा आवाज जवळ आला की तिच्या अंगात वारं शिरायचं. शेवटून दुसरी आले तरी चालेल, पण शेवटची नाही. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, तरी ती पळत होती, आणि पळता पळता तिला हसू येत होतं.

स्टेडियमचं फाटक आलं. आतून ढोल ऐकू आला. कुंपणापलीकडे हयवदन थर्मास छातीशी धरून तिच्याबरोबर धावत होता आणि वाटेतल्या प्रत्येकाला सांगत होता, "ही आमची. ही आमची."

तिनं रेषा ओलांडली. घड्याळात दोन मिनिटं उरली होती.

गळ्यात पदक पडलं तेव्हा तिला रडू फुटलं. मग तिला त्या माणसाची आठवण झाली. मागे पाहते तो काय, बिचारा रेषेच्या दोन पावलं अलीकडे बाजूला होऊन उभा. तिला इतकं वाईट वाटलं की पाय ओढत ती परत त्याच्याकडे गेली.

"अण्णा, एवढं आलात आणि दोन पावलांसाठी सोडता? या की, वेळ आहे अजून."

"साकु, अक्का. मला पुरे झालं."

याच्या जिवावर आपण आज शेवटच्या ठरणार नव्हतो, हे आठवून तिला लाज वाटली. तिनं हयवदनकडून कॉफी घेतली आणि त्या माणसाच्या हातात दिली.

"पुढच्या वर्षी बूट घालून या," ती मायेनं म्हणाली. "आणि सराव करा. मनावर घेतलं तर जमतं. माझंच बघा ना."

"सरी, अक्का." त्यानं मान डोलावली आणि कॉफी संपवली.

लाउडस्पीकर खरखरला. बक्षीस समारंभ सुरू होत होता. पुरुषांमध्ये पहिला क्रमांक, वेळ दोन तास सव्वीस मिनिटं, वासुदेव यांनी मंचावर यावं.

"स्वल्प धरता का, अक्का?" म्हणत त्यानं गळ्यातला टॉवेल तिच्या हातात दिला आणि चपला फटफटवत तो मंचाकडे निघाला.