ऑपरेटरची खुर्ची

भंगारवाला तराजू घेऊन दारात आला, तेव्हा ऑपरेटरबाई कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसल्या होत्या.

"आज काही मिळायचं नाही," त्यांनी मान न वळवता सांगितलं. "आलाच आहात तर बसा. बघून जा."

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन जमाना लोटला, तरी सगळी गल्ली त्यांना ऑपरेटरबाईच म्हणे आणि त्यांना ते आवडे. नाकावर माशी बसू न देणारी बाई. मुलाचा जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला तेव्हा त्यांनी तो अडवला. हल्लीच्या जड ऑपरेटिंग सिस्टिम त्याला झेपत नव्हत्या. अशा थकलेल्या यंत्रांसाठी एक हलकीफुलकी सिस्टिम फुकट मिळते, हे त्या वाचनालयातल्या वर्गात शिकून आल्या होत्या. "रविवारी चालू करून दाखवते, नाहीतर खुशाल विका," असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं. हल्ली घरात त्यांना कुणी कशाला हात लावू देत नसे. स्वयंपाक सून करी, बिलं मुलगा भरी. हे एक यंत्र तरी आपल्या हुकमात असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि ते चालूही झालं होतं. आठवडाभर रोज सकाळी बटण दाबलं की यंत्र गुमान उठत होतं. आज फक्त सगळ्यांसमोर दाखवायचं बाकी होतं.

"आई, माझा पेनड्राइव्ह घेते हं," सून म्हणाली. "उद्या ऑफिसात लागेल."

"घे की. त्याचं काम झालं." सिस्टिम त्या पेनड्राइव्हवरूनच कॉम्प्युटरात उतरवली होती. आठवडाभर तो कॉम्प्युटरलाच लागलेला होता, सुनेनं तो काढून घेतला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि ऐटीत बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. त्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मुलगा उठून आला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे गं आई. खूप केलंस." तो हसला असता तर त्यांनी त्याला चार शब्द सुनावले असते, त्याच्या आवाजातली कीव मात्र सोसवेना. भंगारवाल्यानं आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग तराजूकडे.

"हात काढ," बाई म्हणाल्या. "विचार करतेय."

आठवडाभर उठत होतं, आज उठेना. मधे बदललं काय? त्यांची नजर खोलीभर फिरली, सुनेच्या मुठीवर येऊन थांबली आणि त्या एकदम हसल्या.

"अगंबाई! ऑपरेटरला मी तुझ्या मुठीत बसवलंय."

"कुणाला?"

"बूटलोडरला गं. बटण दाबलं की यंत्र जागं होतं, पण त्याला आपलं नावगावही आठवत नसतं. हा एवढासा प्रोग्रॅम सगळ्यांच्या आधी उठतो. सिस्टिम कुठे झोपलीय ते त्याला ठाऊक असतं. तो जोडून देतो नि बाजूला होतो. सिस्टिम मी ठेवली कॉम्प्युटरात आणि ऑपरेटरला खुर्ची दिली पेनड्राइव्हवर! तू आख्खं एक्स्चेंजच पर्समध्ये टाकून निघाली होतीस."

"मी फोनवर शोधू का, कसं करायचं ते?" मुलानं विचारलं.

"खबरदार! माझी चूक आहे, मीच निस्तरणार."

पेनड्राइव्ह परत लागला, यंत्र उठलं. बाईंनी यंत्राला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडून एक ओळ लिहिली आणि शेवटच्या शब्दापाशी बोट थांबवलं. बूटलोडर कुठे बसवायचा, ते इथे सांगायचं होतं. कॉम्प्युटरची डिस्क आणि पेनड्राइव्ह, दोघांची नावं जुळ्या भावांसारखी, शेवटच्या अक्षराचा काय तो फरक. घोडं इथेच पेंड खात होतं. एक्स्चेंजमध्ये नंबर मोठ्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला जोडून दिलं नव्हतं, आणि इथे घाईत नेमकं तेच राहिलं होतं.

त्यांनी नाव मोठ्यानं म्हटलं. अक्षर न अक्षर. मग एंटरचं बटण दाबलं.

काम उरकल्यावर यंत्र बंद करून पेनड्राइव्ह त्यांनी स्वतः काढला आणि सुनेच्या हातावर ठेवला. भंगारवालाही उठून मागे येऊन उभा राहिला. बाईंनी यंत्र पुन्हा चालू केलं.

निळा पडदा आला. त्यावर बाईंनीच लिहून ठेवलेली ओळ होती. त्या पहिल्या पडद्याला देवनागरी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत: थांबा, जोडून देते.

क्षणभर ती राहिली, मग गेली आणि मागून सिस्टिम लख्ख उघडली.

"जोडलं!" बाई म्हणाल्या. त्यांना आनंद लपवता येत नव्हता आणि लपवायचाही नव्हता. सुनेनं टाळ्या वाजवल्या.

"गेलं आमचं गिऱ्हाईक," भंगारवाला हसत म्हणाला आणि तराजू उचलून जिना उतरला.

मुलगा मात्र पडद्याकडेच बघत होता. लहानपणी शाळेतून आल्यावर रिकाम्या घरात तो फोन उचलायचा आणि म्हणायचा, "आईला द्या." पलीकडून आईचाच सरकारी आवाज यायचा, "थांबा, जोडून देते." मग जरा वेळानं, हळूच, "बोल रे."

"आई, परत एकदा बंद करून चालू कर ना."

"का रे? काही चुकलं?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग यंत्र बंद केलं, पुन्हा बटण दाबलं. निळा पडदा आला. ओळ आली, गेली.

"बोल रे," त्या म्हणाल्या.