सरावाचा फॉर्म

दोन हजार चार साली मुरबाड तालुक्यात बायकांच्या कॅन्सरची पाहणी निघाली, आणि गावोगावच्या नर्सना त्यासाठी तयार करायचं काम दमयंती सिस्टरांकडे आलं. "फॉर्मकडे नाही, बाईकडे बघून विचारायचं," हा त्यांचा पहिला धडा. सरावासाठी त्या स्वतःच पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर घेऊन पेशंट व्हायच्या आणि समोरच्या नर्सने प्रश्न विचारायचे.

त्या दिवशी म्हसा गावच्या दवाखान्यात सरावाचा शेवटचा नंबर मीना नर्सचा होता.

"मावशी, पाळी जाऊन किती वर्सं झाली?"

"सात."

"मंग परत कदी अंगावरून लाल गेलं का?"

सिस्टरांनी पदर तोंडाशी नेला. "तीन महिने झाले, जातंय मधून मधून."

"घरात कुनाला बोलल्या नाय?"

"घरात आहे कोण? आणि आजवर मला कुणी विचारलंच नाही गो."

मीना बघतच राहिली, डोळे भरून आले तिचे. मग एकदम हसली. "काय ॲक्टिंग करता सिस्टर तुमी! मला खरंच वाटलं." फॉर्मवर नावाची जागा तेवढी कोरी होती. "सरावाचाच हाय, फाडू ना?"

"राहू दे, मी फाडते. तू जा, जीप चुकेल."

मीना गेली.


सिस्टरांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि कोऱ्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं.