वाया गेलेला खेळाडू

मॅच हरली की कोस्तेलच्या गुत्त्यात, क्लबने कोणाकोणावर पैसे उधळले याची उजळणी व्हायची. कोणी लंगड्या गोलकीपरचं नाव घेई, कोणी दोन मॅचनंतर पळून गेलेल्या सर्बियनचं.

"व्हिओरेलदादा, तुमच्या मते सगळ्यात वाया कोण गेला?" कोस्तेलने विचारलं.

"जांदिर."

"काय दादा! कप त्यानंच आणला. एकोणीस गोल मारले."

"स्टँडचं छत दुरुस्त करायचं सोडून आणला होता त्याला."

व्हिओरेलची लेक इरिना तेच छत कोसळून त्याखाली गेली होती.

"कमिटीचं चुकलंच, दादा," कोस्तेल हळूच म्हणाला.

"कमिटी छतच म्हणत होती रे. खेळाडूच पाहिजे म्हणून घरोघरी सह्या मी गोळा केल्या. इरिनाचीसुद्धा मीच घेतली."