सशाच्या कुशीत

रिसॉर्टच्या हॉटेलात सकाळच्या बुफेला टेबलाटेबलाशी नाचत जाणाऱ्या त्या गुबगुबीत सशाच्या आत एक आई होती. पोशाख चढवला की तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिथला सक्त नियम. आज एक आजी नातीचा हट्ट पुरवायला तिला घेऊन आली, आणि ती नात म्हणजे या आईचीच लेक. पोरगी बशी टाकून धावली नि सशाला बिलगली ती बिलगलीच. सशानंही तिला पोटाशी घट्ट धरलं. देवा, ही घडी सरूच नये!

"सोड गं बाई, बाकीची पोरं खोळंबलीत," आजी हसली.

"थांब ना!" म्हणत पोरगी सशाच्या लांब कानाशी लागली. "माझी आई पण इथंच कामाला आहे. तिला सारखी घाई असते. तिला शिकव ना असं धरायला."