तीन मिनिटं

"हल्लीच्या दोऱ्यात पूर्वीचा दम राहिला नाही," सर मास्कच्या आत पुटपुटले.

सिस्टर त्यांच्या कोपराला कोपर लावून उभ्या होत्या, म्हणून त्यांनाच ते ऐकू आलं. मागच्या आठवड्यात दिव्याचा उजेड कमी होता. त्याआधी कात्री बोथट होती. खरं तर दोरा तोच होता, दिवा तोच, कात्रीही तीच. बदलले होते ते सर, आणि हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

ऑपरेशनच्या टेबलावर शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, वय चव्वेचाळीस. यकृतातल्या कॅन्सरच्या गाठीनं हातपाय पसरले होते आणि तिचं शेपूट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत शिरलं होतं. दोन इस्पितळांनी हात वर केले. सर हो म्हणाले. सकाळी त्याला आत नेताना बायकोनं सिस्टरांचा हात धरून एवढंच विचारलं, "मोठे डॉक्टरच करणार ना?" सिस्टरांनी मान डोलावली. तेव्हापासून ती मान त्यांना जड झाली होती.

काम सांगायला सोपं. शिरेला वरून-खालून चिमटे लावायचे, यकृताचं रक्त थांबवायचं, शीर उघडून शेपूट काढायचं, शीर शिवायची, चिमटे सोडायचे. पण याचं यकृत आधीच थकलेलं. रक्ताशिवाय वीस मिनिटं तग धरेल, त्यापुढे नाही.

चिमटे लागले की सरांनी डोकं वर काढायचं नाही. सिस्टरांनी भिंतीवरचं घड्याळ बघून किती मिनिटं झाली ते मोठ्यानं सांगायचं. नियम सरांचाच. सिस्टरांनी तो बावीस वर्षं पाळला आणि गेल्या चार ऑपरेशनांत मोडला. दर वेळी तीन मिनिटं कमी सांगितली. आपला हात मंदावलाय असं सरांना वाटू नये, एवढंच. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या मॉनिटरवर खरी वेळ दिसायची, तेव्हा ते छताकडे बघायचे. समोर उभ्या असायच्या धाकट्या डॉक्टर, सरांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्या खाली मान घालून टाके मोजल्यासारखं करायच्या. सगळ्यांनीच माया केली. ती यकृतं धडधाकट होती, म्हणून माया पचली.

सरांनी हात पुढे केला. "चिमटा."

सिस्टरांनी पहिला चिमटा उचलला आणि आपल्याच मुठीत धरून ठेवला.

"सिस्टर, झोप लागली का?"

"नाही सर. गेली चार ऑपरेशनं मी मिनिटं खोटी सांगितली. दर वेळी तीन कमी."

"म्हणजे मागच्या वेळी..."

"तुम्ही वीस समजलात. तेवीस झाली होती."

"का?"

सिस्टरांनी चिमट्यावरची मूठ सैल केली नाही. बोलणी बसोत, नोकरी जावो, हा माणूस खोट्या मिनिटांवर जायचा नाही, हे त्यांनी सकाळी चहाचा कप विसळतानाच ठरवलं होतं.

सर धाकट्या डॉक्टरांकडे वळले. "मी रजेवर होतो तेव्हा अशीच शीर तू शिवलीस. किती वेळ लागला?"

"चौदा मिनिटं, सर." चोरी कबूल करावी तसा आवाज.

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

सर टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. त्या बाजूला मदतनीस उभे राहतात. धाकटीला त्यांनी खांद्यानंच आपल्या जागेकडे सरकवलं आणि यकृत दोन्ही तळव्यांवर अलगद तोलून धरलं.

"वीस मिनिटांत आता माझ्याच्यानं होत नाही," ते म्हणाले. "तू शिव, मी धरतो."